मूळ गायक आणि गाणी लिहिणारे नसलेला बँड ऐकायला जावं का?

तुम्ही विचारलंय की लहानपणी ऐकलेला एक विदेशी पॉप बँड परत जमलाय, मुंबईत शो आहे, पण मूळ गायिका त्यात नाही आणि गाणी लिहिणारे दोघंही नाहीत, मग याला तोच बँड म्हणायचं का आणि तिकिटाला पैसे घालायचे का. बँडचं नाव तुम्ही लिहिलं नाही, म्हणून मला जे माहीत आहे त्यावरून सांगतो.

मी आर्वीकडचा, वर्धा जिल्हा. शेती करतो आणि गावच्या भजन मंडळात २२ वर्षांपासून पेटी वाजवतो. तुम्हाला वाटेल भजन मंडळाचा इथं काय संबंध, पण भाऊ, आमच्यावर नेमकं हेच आलं होतं म्हणून तर उत्तर लिहायला बसलो.

आमच्या मंडळात पुढे म्हणणारे एक काका होते, सख्खे नाही, सगळं गावच त्यांना काका म्हणायचं. खंजिरी त्यांच्या हातात, निम्म्याहून जास्त चाली त्यांनी बसवलेल्या, आणि दहाबारा भजनं तर त्यांनी स्वतः लिहिलेली. पावसाळ्यात खंजिरीचं कातडं ढिलं पडलं की चहाच्या चुलीवर गोल गोल फिरवून शेकायचे, टिचकी मारायचे, कानाला लावायचे, परत शेकायचे, माईकवाला घाई करत राहायचा पण मनासारखा आवाज आल्याशिवाय काका उठत नव्हते. २०१८ ला ते गेले आणि मंडळ बंद पडलं. कोणी ठरवून बंद केलं असं नाही, कोणाला बसावंसंच वाटेना. दोन वर्षांनी मी पेटी उघडली तर उंदरांनी भाता कुरतडलेला.

त्याच काळात मंडळातल्या एका जणानं, ज्याच्याकडे साउंडचा सेट आणि मंडळाच्या नावाचं बॅनर होतं, बाहेरची पोरं जमवून आमच्याच नावानं सुपाऱ्या घेणं सुरू केलं. शेजारच्या गावात एका तेरवीला मी गेलो तर मांडवात आमचं बॅनर, आणि खाली बसलेल्यांपैकी एकही चेहरा ओळखीचा नाही. पोरं वाईट म्हणत होती असं नाही, पण काकांनी बसवलेली चाल सोडून कुठल्यातरी सिनेमाच्या चालीवर म्हणत होती. माझ्या बाजूला बसलेली एक म्हातारी म्हणाली, "तो खंजिरीवाला कुठी गेला रे बाप्पा? हे तं ते मंडळ नाही वाट्टे." तिला कोणी सांगितलंच नव्हतं की खंजिरीवाला आता या जगात नाही. मला जे लागलं ते हेच. नवीन माणसं बसली याचं नाही, म्हातारीला अंधारात ठेवलं याचं.

आता बँडवर येतो. माझा मामा भंडाऱ्याला नोकरीला होता, त्याच्याकडे बोनी एम या विदेशी पॉप बँडची कॅसेट होती आणि सुट्टीत आम्ही पोरं ती टेप अडकेपर्यंत ऐकायचो. कव्हरवर नाचणारा तो बॉबी फॅरेल, तो जाड आवाज त्याचाच असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो. नंतर कळलं की रेकॉर्डवरचा तो आवाज जर्मन निर्माता फ्रँक फारियन याचा, आणि बायकांमध्येही रेकॉर्डवर गायल्या त्या मुख्यतः लिझ मिशेल आणि मार्शिया बॅरेट. म्हणजे बॉबी स्टेजवर होता पण रेकॉर्डवर नव्हताच. पुढे तर एकेक सदस्य आपापला ताफा घेऊन बोनी एमच्याच नावाखाली देशोदेशी फिरायला लागला. आणि १९७८ मध्ये जगभर वाजलेलं त्यांचं बॅबिलॉनच्या नदीकाठचं ते गाणं, 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन', तेही मूळ त्यांचं नाही, जमैकाच्या मेलोडियन्स या ग्रुपनं ते १९७० मध्ये केलेलं आणि शब्द बरेचसे बायबलमधल्या स्तोत्राचे. म्हणून "मूळ" कोण हे विचारताना चेहरा, आवाज, लिहिणारा आणि नावाचा मालक हे चार वेगवेगळे धरा. बहुतेक भांडणं हे चार एकच मानल्यामुळे होतात.

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचं बघा. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी, जो पाचगणीच्या शाळेत शिकला, तो १९९१ मध्ये गेला. त्याच्यासारखा गळा परत मिळणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. पण ब्रायन मे आणि रॉजर टेलर हे दोघं नुसते वाजवणारे नव्हते, क्वीनमधले चौघंही गाणी लिहायचे, त्यामुळे पहिल्या लिहिणाऱ्यांपैकी दोघं फ्रेडीनंतरही स्टेजवर दिसत राहिले. आणि नाव काय लावलं तर आधी क्वीन अधिक पॉल रॉजर्स, नंतर क्वीन अधिक अ‍ॅडम लॅम्बर्ट. ते अधिकचं चिन्ह मला फार प्रामाणिक वाटतं, नवा माणूस कोण ते पोस्टरवरच लिहून टाकलं. शोमध्ये फ्रेडी पडद्यावर येतो तो वेगळाच.

अमेरिकेतल्या जर्नी या रॉक बँडचा गिटारवाला नील शॉन २००७ मध्ये यूट्यूबवर गायक शोधत होता आणि त्याला मनिलाचा आर्नेल पिनेडा सापडला, लहानपणी रस्त्यावर झोपलेला माणूस. जुना गायक स्टीव्ह पेरी याने २०१७ मध्ये मोठ्या सन्मानाच्या कार्यक्रमात सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं. जाणाऱ्यानं येणाऱ्याला असं पुढे केलं की ऐकणाऱ्याच्या मनात किल्मिष राहत नाही, निदान माझ्या तरी नाही राहत.

उलटी गोष्ट शुगाबेब्सची. १९९८ मध्ये लंडनच्या तीन पोरींनी सुरू केलेला ग्रुप, एकेक करून तिघी बाहेर, आणि २००९ पर्यंत पहिल्यातली एकही उरली नाही तरी नाव चालूच. २०१२ मध्ये त्या तिघी परत एकत्र आल्या तर स्वतःच्याच ग्रुपचं नाव लावता येईना, आपापली नावं जोडून गावं लागलं, आणि नाव परत मिळालं ते २०१९ मध्ये. हे वाचलं तेव्हा मला तेरवीतलं ते बॅनरच डोळ्यासमोर आलं.

आमचं पुढे काय झालं ते सांगतो. काकांच्या पुतण्यानं त्यांची वही आणून दिली, दोनशे पानी, कव्हर फाटलेलं, आणि ओळींच्या बाजूला बारीक अक्षरात "इथं थांब", "इथं श्वास", "खंजिरी बंद" असं लिहिलेलं. ते वाचून मला बोलताच येईना. पुतण्या आयटीआयला होता, आवाज बरा, पण काका काळी चारमध्ये, म्हणजे उंच पट्टीत, म्हणायचे आणि त्याला ते जमेना, चार दिवस ओरडून गळा बसवून घेतला. शेवटी पट्टी काळी दोनवर आणली आणि बसलं. आम्ही नाव जुनंच ठेवलं कारण पेटी, तबला, टाळ तेच होते. फक्त पहिल्या भजनाआधी सांगतो की चाली काकांच्या, म्हणणारा त्यांचा पुतण्या.

आमच्याकडे ही रीतच आहे म्हणा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ मध्ये मोझरीला गेले, आज त्यांची भजनं गावोगावी किती मंडळं म्हणतात, आणि शेवटच्या कडव्यात "तुकड्यादास म्हणे" येतंच, म्हणणारा कोणी का असेना. लिहिणाऱ्याचं नाव गाण्याच्या आतच शिवलेलं. पॉपच्या गाण्यात तशी सोय नाही, म्हणून ते काम पोस्टरनं आणि स्टेजवरच्या माणसानं करावं लागतं.

तर तुमच्या तिकिटाचं. आधी पोस्टरवरची बारीक अक्षरं वाचा, कोण कोण येतंय त्यांची नावं दिलीत का बघा, मग यूट्यूबवर याच वर्षीच्या शोचा व्हिडिओ काढा, जुना नको. त्यात पहिल्यापासूनचा वाजवणारा निदान एक तरी असला, आणि मूळ गायिकेचं, लिहिणाऱ्या दोघांचं नाव कोणी घेत असलं तर मी खुशाल गेलो असतो. नुसतं नाव मोठं आणि माणसांची नावं कुठेच नाहीत असं दिसलं तर तेवढ्या पैशात जुनी रेकॉर्ड घ्या, तुमची गायिका त्यात आहे.