बनशंकरीच्या दर्शनानंतरचे दोन दिवस

प्रश्न : बनशंकरी आमची कुलदेवता असल्याने पौषातल्या शाकंभरी नवरात्रात कुलधर्मासाठी बदामीला जायचे ठरले आहे. दर्शनानंतर दोन दिवस हाताशी आहेत. सोबत पंचाहत्तरीच्या सासूबाई आणि शाळकरी मुले असतील. काय काय पाहावे आणि त्यात हंपी बसेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : हंपी बसवू नये. बदामीहून ती सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. जाण्यायेण्यात दिवस जाईल आणि दोन्हीकडचे पाहणे अर्धवट राहील. बनशंकरीची ओटी भरून लगोलग परतीची गाडी धरणारी कितीतरी मराठी कुटुंबे जेमतेम पाच किलोमीटरवरची लेणी न पाहताच घरी येतात. तुम्ही दोन दिवस राखून ठेवले आहेत, तर ते बदामी, ऐहोळे आणि पट्टदकल या मलप्रभेच्या खोऱ्यातल्या तीन ठिकाणांनाच द्यावेत.

पहिला दिवस बदामीचा. चालुक्य राजा पहिला पुलकेशी याने इ. स. ५४३ मध्ये येथील डोंगर तटबंदीने बळकट केला आणि पुढे दोनशे वर्षे हीच राजधानी राहिली. तांबूस वालुकाश्मात कोरलेली चार लेणी एकावर एक अशी चढत जातात, पायऱ्या उंच आहेत. सासूबाईंना पहिल्या लेण्यापर्यंत नेले तरी पुष्कळ झाले, कारण अठरा हातांचा नटराज तेथेच, उजव्या हाताला आहे. कोणताही एक उजवा हात आणि कोणताही एक डावा हात घेतला की नृत्याची एक मुद्रा होते, अशा एकूण ८१ होतात, असे वाटाडे सांगतात. मुलांना तो हिशेब स्वतःच करू द्यावा. मोठ्यांनी मात्र तिसरे लेणे चुकवू नये. शके ५०० च्या, म्हणजे इ. स. ५७८ च्या, कार्तिकी पौर्णिमेचा उल्लेख असलेला, चालुक्य घराण्यातील मंगलेशाचा शिलालेख तेथे आहे आणि ओसरीच्या टोकाला शेषाच्या वेटोळ्यावर ऐसपैस बसलेला विष्णू आहे. इतक्या निवांतपणे बसलेला विष्णू एरवी क्वचितच पाहायला मिळतो. माकडांचा उपद्रव असल्याने खाण्याची पिशवी हातात धरू नये. संध्याकाळी अगस्त्य तलावाच्या काठाने भूतनाथ मंदिराकडे जावे. ते पश्चिमाभिमुख असल्याने मावळतीचे ऊन थेट त्याच्या दगडावर येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऐहोळे आणि दुपारनंतर पट्टदकल, हाच क्रम ठेवावा. ऐहोळ्याला मंदिर कसे बांधावे याचे प्रयोग दिसतात. लाडखान मंदिराच्या उतरत्या छपरावर दगडी फरशांच्या सांध्यांवर लांबट दगडी पट्ट्या बसवल्या आहेत, त्या पाहिल्या की लाकूडकामाची सवय असलेले कारागीर दगडाकडे वळल्याचे ध्यानात येते. शेजारच्या दुर्ग मंदिराची मागची बाजू अर्धगोल आहे आणि त्याभोवतीच्या प्रदक्षिणेच्या ओवरीतील मूर्ती सावकाश पाहण्याजोग्या आहेत. हा परिसर सपाट असल्याने सासूबाईंनाही सोयीचा. टेकडीवरच्या मेगुती जिनालयाला मात्र चढ आहे. ज्यांना जमेल त्यांनी जावे, कारण इ. स. ६३४ मधला रविकीर्तीचा शिलालेख तेथे भिंतीवर आहे. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याने उत्तरेचा सम्राट हर्ष याला हरवल्याचे आणि ९९ हजार गावांच्या तीन ‘महाराष्ट्रकां’वर सत्ता मिळवल्याचे त्यात म्हटले आहे. आपल्या मुलुखाचा इतका जुना उल्लेख मराठी माणसाने जागेवर जाऊन पाहायला हवा, असे माझे मत आहे.

पट्टदकल मुलांना गोष्टीतून सांगावे. पल्लव राजा पहिला नरसिंहवर्मा याने इ. स. ६४२ मध्ये बदामी जिंकली. पुढे सुमारे शंभर वर्षांनी चालुक्य राजा दुसरा विक्रमादित्य याने पल्लवांची राजधानी कांची घेतली, पण तेथील मंदिराचे धन लुटले नाही, उलट परत केले, आणि तसा लेख कांचीतच कोरवला. त्या विजयाप्रीत्यर्थ राणी लोकमहादेवीने विरूपाक्ष मंदिर बांधवले. गुंड या शिल्पकाराला दिलेली ‘त्रिभुवनाचारी’ ही पदवी येथील लेखात नोंदलेली आहे. खांबांवर रामायण-महाभारतातील प्रसंग आहेत आणि पूजा आजही चालते.

प्रश्न : वेरूळ अनेकदा पाहिले आहे. तरीही पट्टदकलला वेगळे काय मिळेल? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : विरूपाक्ष पाहिल्यावर तुम्हाला कैलास अधिक कळेल. चालुक्यांची सत्ता घेणाऱ्या राष्ट्रकूटांपैकी पहिल्या कृष्णाच्या काळात कैलास कोरला गेला आणि त्याच्या मांडणीवर विरूपाक्षाची छाप आहे, असे अभ्यासक मानतात. फरक असा, की पट्टदकलला दगडावर दगड रचत मंदिर वर गेले, तर वेरूळला तेच कातळातून वरून खाली उतरत आले. शिवाय वक्र शिखराचे गळगनाथ आणि टप्प्याटप्प्याने निमुळते होणारे द्राविड धाटणीचे संगमेश्वर, ही दोन्ही एकाच आवारात शेजारी शेजारी दिसतात. ही सोय वेरूळला नाही.

प्रश्न : जाण्याची व जेवणाची सोय कशी? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : तुमच्या गावाहून विजापूर, बागलकोटमार्गे गदगला जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच बदामी आहे. स्थानक गावापासून सुमारे पाच किलोमीटर दूर असल्याने रिक्षा करावी लागते. ऐहोळे-पट्टदकलसाठी दिवसभराची गाडी ठरवणे बरे. जत्रेच्या दिवसांत खोली आधीच राखून ठेवावी. जेवणाची काळजी सोलापूरकरांनी करू नये : ज्वारीची भाकरी, भरले वांगे आणि शेंगदाण्याची चटणी तेथेही मिळते. पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते, तेवढा वार टाळावा.