उन्हाळ्याचा मार पावसाळ्यात दिसतो

पोळा जवळ आला की एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत येते: जनावर गाभण राहत नाही. या वेळची चार पत्रं.

सकाळी माज दिसला. गाय कधी भरवावी? (औसा)

त्याच संध्याकाळी.

देवणी गाय तीनदा उलटली, भरवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आली. दुकानदार अँटिऑक्सिडंट पावडर आणि सेलेनियमचं इंजेक्शन देतोय. घेऊ का? (जळकोट)

तपासणीआधी काहीही घेऊ नका. शरीरात ऊर्जा तयार होताना मुक्त मूलकं, म्हणजे पेशींना इजा करणारे कण, तयार होतात, आणि त्यांना आवरायला (हेच अँटिऑक्सिडंटचं काम) ई जीवनसत्त्व, सेलेनियम, तांबं, जस्त लागतं. आपल्याकडं मे महिन्यात वर तापलेला पत्रा आणि दावणीत नुसता कडबा. उष्म्यानं मूलकं वाढतात, आणि हिरव्या चाऱ्यातलं ई जीवनसत्त्व व कॅरोटीन तर वैरण वाळतानाच बरंचसं गेलेलं असतं. त्याची झळ बीजांडाला आणि कोवळ्या गर्भाला बसते. बीजांडाची वाढ काही महिने चालते, म्हणून मेमधलं नुकसान ऑगस्ट-सप्टेंबरच्या माजात दिसतं. सावली, गार पाणी, थोडी तरी हिरवी वैरण आणि रोजचं खनिज मिश्रण हे एप्रिलपासूनच हवं होतं.

सेलेनियमची गरज किलोभर कोरड्या खाद्यात जेमतेम ०.३ मिलिग्रॅम. जास्त झालं तर केस झडतात, खुरं सुटतात. इंजेक्शनचा डोस चुकला तर जनावर दगावतं. दुकानदारानं गायीचं वजन तरी विचारलं का? शिवाय उलटण्यामागं गर्भाशयाचा दाह असेल, भरवण्याची वेळ चुकत असेल, तर पावडर काय करणार? दर २१ दिवसांनी उलटणारी गाय तीन खेपांत दोन महिने खाते. चौथ्यांदा भरवण्याआधी डॉक्टरांकडून गर्भाशय तपासून घ्या. उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे.

म्हैस उन्हाळाभर माजावर आलीच नाही. (जिंतूर)

आली असेल, तुम्हाला दिसली नसेल. उन्हाळ्यात म्हशीचा माज मुका असतो, बाहेरून फारशी लक्षणं दिसत नाहीत. रात्री आणि पहाटे सोट (योनीतून येणारा चिकट स्राव) दिसतो का, ते पाहा. विऊन दोन महिने उलटले असतील तर तपासून घ्या.

गाय व्याली, पण वार (गर्भाची झिल्ली) पडली नाही, अडकलीय. गावातले एक जाणकार हातानं ओढून काढतो म्हणतात. (भूम)

हात घालू देऊ नका, वारेला दगडही बांधू नका. गर्भाशयाला इजा होते, जंतू आत जातात आणि पुढं तीच गाय उलटत राहते. ई जीवनसत्त्व-सेलेनियमची कमतरता हे वार अडकण्याचं एक कारण आहे, पण ती भरून काढायची ती गाभणपणाच्या शेवटच्या दोन महिन्यांत, डॉक्टरांना विचारून. आता विऊन बारा तास होऊन गेले असतील तर आजच डॉक्टरांना बोलवा. ताप असेल, वास येत असेल, चारा सोडला असेल, तर तेवढेही थांबू नका.