कॅरॅव्हॅनने खान्देशात निवांत फिरताना वन्यजीव कुठे आणि कसे दिसतील?

भाड्याची कॅरॅव्हॅन घेऊन आई-वडील व मुलांसह खान्देशात सावकाश फिरण्याचा आपला बेत आहे आणि वाटेत प्राणी-पक्षी दिसतील का, असे आपण विचारले आहे. दिसतील, मात्र ताडोब्यासारखी जिप्सी आणि हमखास वाघ ही अपेक्षा घरीच ठेवून यावे. मुक्ताईनगरकडच्या जंगलात वाघ आहे, यावलच्या अभयारण्यात बिबट्या, अस्वल आणि तरस आहेत, परंतु पाहुण्याला ते क्वचितच दिसतात. येथे जे दिसते ते शेताच्या बांधावर, धरणाच्या काठावर आणि सागाच्या विरळ रानात, आणि तेही थांबणाऱ्यालाच.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की दिवसाचा प्रवास कमी ठेवावा आणि गाडीचा उपयोग लपण म्हणून करावा. पाण्याजवळ किंवा रानाच्या कडेला, रस्त्यापासून बाजूला गाडी उभी करून इंजिन बंद केले, पडदे अर्धे ओढले आणि सगळे आत शांत बसले, की थोड्याच वेळात पक्षी गाडीची दखल घेणे सोडून देतात. दार उघडून माणूस खाली उतरताच मात्र सारा थवा उडतो. वयस्कर मंडळींना चहा घेत खिडकीतून पाहता येते, ही सोय जीपमध्ये नाही.

भुसावळजवळचे हतनूर धरण यासाठी उत्तम आहे. चांगदेव येथे तापी आणि पूर्णा यांचा संगम धरणाच्या फुगवट्यात आला असून, हिवाळ्यात पाणी ओसरू लागले की उघड्या पडणाऱ्या गाळावर चक्रवाक, थापट्या आणि कधी पट्टकादंब असे पाहुणे पक्षी उतरतात. सकाळी पूर्वेकडच्या काठावर थांबावे, म्हणजे ऊन पाठीशी राहते आणि रंग नीट दिसतात.

पण खान्देशात येऊन मन लावून शोधावा असा पक्षी एकच, तो म्हणजे रानपिंगळा. 1884 नंतर त्याची खात्रीशीर नोंद नव्हती आणि तो नामशेष झाला असे मानले जात होते. नोव्हेंबर 1997 मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या अमेरिकी अभ्यासकांना तो शहाद्याजवळच्या रानात पुन्हा सापडला. घुबडाच्या कुळातला असूनही तो दिवसा वावरतो, त्यामुळे रात्री जंगलात शिरण्याची गरज नाही (परवानगीही मिळत नाही). फेब्रुवारीत सागाची पाने गळलेली असतात, तेव्हा तोरणमाळच्या वाटेवर किंवा यावल अभयारण्यातल्या पाल गावाच्या परिसरात सकाळच्या उन्हात उघड्या फांदीवर बसलेला तो दिसू शकतो. गावातल्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे, पंखांवर आणि शेपटीवर रुंद पट्टे आणि पोट पांढरे असते. त्याला बोलावण्यासाठी मोबाईलवर आवाज वाजवणारे लोक भेटतील. आपण तसे करू नये, कारण हद्द राखणारा पक्षी त्यामुळे विनाकारण हैराण होतो.

याच दिवसांत पळस फुलतो आणि त्यावर भोरड्यांचे, म्हणजे पळसमैनांचे, थवे कल्लोळ करतात. मुलांना रानपिंगळ्यापेक्षा हेच जास्त आवडेल, असा माझा अंदाज आहे. मार्चनंतर मात्र ऊन असे तापते की पत्र्याच्या गाडीत दुपार काढणे अवघड होते.

रोही (नीलगाय) आणि रानडुकरे कुठल्या शिवारात येतात हे शेतकऱ्याला विचारावे. रात्री पिकाला पाणी भरणाऱ्या माणसाइतकी अचूक माहिती कोणत्याही फलकावर मिळत नाही. तिन्हीसांजेला केळीच्या बागांच्या कडेला रानमांजर किंवा कोल्हाही दिसून जातो.

मुक्काम अभयारण्याच्या आत किंवा निर्जन कडेला करू नये. गावालगत, मालकाला विचारून एखाद्या शेतात किंवा मोठ्या ढाब्याच्या आवारात गाडी लावावी, उष्टे अन्न बाहेर टाकू नये आणि बाहेरचे दिवे लवकर मालवावेत. शेतरस्त्यांवर खाली लोंबणाऱ्या विजेच्या तारा पाहूनच उंच गाडी आत घालावी. तोरणमाळचा घाट अवघड वळणांचा आहे, त्यामुळे कॅरॅव्हॅन शहाद्यालाच ठेवून वर जाण्यासाठी तेथून जीप करावी.