काल प्रसूती झाली, मग आज पूर्ण भूल द्यायला डॉक्टर का कचरतात?

तुम्ही विचारलंय, की दोन वर्षांपूर्वी अपेंडिक्सच्या वेळी बायकोला पूर्ण भूल दिली होती, काहीच त्रास झाला नाही. आता दुसरं बाळंतपण नॉर्मल झालं, उद्या नसबंदीचं ऑपरेशन आहे. भूलतज्ज्ञांनी तोंड उघडायला लावून घसा पाहिला आणि म्हणाले, सूज आहे, कमरेतच इंजेक्शन देऊ. बाळ तर बाहेर आलं, मग अडचण कसली?

मी भूलतज्ज्ञ आहे, दारव्हा-दिग्रसकडच्या दवाखान्यांत भूल देतो. तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे.

गरोदरपणात शरीरात पाणी साठतं, रक्तवाहिन्या फुगतात. जोडवी रुततात, नाक चोंदतं, कधी नाकातून रक्त येतं. तीच सूज घशात आणि स्वरयंत्राजवळही असते. कळा देताना जोर लावून ती आणखी वाढते, सलाईन जास्त गेलं असेल किंवा बीपी वाढलेलं असेल तर फारच. वार पडली म्हणजे सूज उतरली, असं होत नाही. जीभ बाहेर काढून घसा पाहतात त्या तपासणीला मल्लमपाटी म्हणतात. डॉ. शेषगिरी मल्लमपाटींनी ती १९८५ मध्ये मांडली, आज तिचे चार वर्ग धरतात; वर्ग जितका वरचा, तितका घसा कमी दिसतो. कळांच्या काळात बाईचा वर्ग वाढतो आणि प्रसूतीनंतर ४८ तासांनीही तो पूर्ण मूळपदावर आलेला नसतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या भुलेवरून आजचा घसा ठरवता येत नाही.

पूर्ण भुलेत श्वास आमच्या हाती येतो. नळी श्वासनलिकेत घालावी लागते. सुजलेल्या घशात वाट दिसत नाही, चार वेळा खटपट केली की रक्त येतं, सूज वाढते आणि मग मास्कनंही हवा जाईनाशी होते. त्यात गरोदरपणी ऑक्सिजनची गरज वाढलेली आणि फुप्फुसातला साठा कमी झालेला असतो, ते लगेच पूर्ववत होत नाही. श्वास थांबला तर ऑक्सिजन इतरांपेक्षा लवकर उतरतो. आपल्या विदर्भात सिकल सेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार, बराच आहे, त्या बाईला हा उतार फारच महागात पडतो.

दुसरी भीती पोटातल्या अन्नाची. कळांमध्ये पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. भुलेत ते वर येऊन फुप्फुसात गेलं तर जीवावर बेततं. “घोटभर च्यानं काय होते डाक्टर?” असं सासूबाई म्हणतात, माया असते त्यात, पण दुधाचा चहा अन्नातच धरतात. हलकं खाल्लं तर ६ तास, साधं पाणी प्यायलं तर २ तास थांबावं लागतं, आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बाईसाठी आम्ही त्याहूनही सावध असतो. डिंकाचा लाडू ऑपरेशननंतरच.

कमरेतलं इंजेक्शन म्हणजे कमी दर्जाची भूल नव्हे. पोटापासून खालचं शरीर बधिर होतं; बायको जागी राहते, स्वतः श्वास घेते, घशाला हात लागत नाही. नंतर डोकं दुखू शकतं, तसं झालं तर सांगा.

जोरात रक्तस्राव होऊन बीपी खाली गेलं किंवा प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) फार कमी असतील, तर कमरेतलं इंजेक्शन धोक्याचं ठरतं, मग मात्र पूर्ण भूल द्यावीच लागते. तेव्हा आम्ही डोकं उंच ठेवतो, आधी भरपूर ऑक्सिजन देतो, बारीक नळी वापरतो, जमलं तर कॅमेऱ्याच्या लॅरिंगोस्कोपनं, म्हणजे स्वरयंत्र पाहायच्या उपकरणानं, पाहतो. पण नसबंदी ही काही घाई नाही. प्रसूतीनंतर सात दिवसांत होते, नाही तर सहा आठवड्यांनी. डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबा.

उद्या जाताना अपेंडिक्सच्या वेळचे कागद आणि सिकल सेलचं कार्ड असेल तर ते न्या. आवाज बसलाय का, झोपल्यावर श्वास घरघरतोय का, चेहरा सुजलाय का, हे त्यांनी विचारायच्या आधीच सांगा.