पहिला तास मागावर घ्या

सर, तुमचं हे पहिलंच सत्र, म्हणून मनापासून सांगतो. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सची सुरुवात स्लाइडनं करू नका. मुलांना आपल्या सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या चादर कारखान्यात न्या. जकार्डचं, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्रणेचं, पुठ्ठ्याचं कार्ड हातात द्या. भोक असलं की सुई आत जाते आणि तिला जोडलेले ताण्याचे, म्हणजे उभे, धागे उचलले जातात. नसलं की खालीच राहतात. एक आणि शून्य, नक्षी होऊन समोर! १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये आलेली ही युक्ती आपल्या गावात अजून चालते, आणि आपण ट्रुथ टेबल, म्हणजे एक-शून्याचे तक्ते, पाठ करून घेतो. फार वाईट वाटतं.

परतल्यावर चौकटीच्या कागदावर एक फूल काढायला लावा, भरलेली चौकट एक, रिकामी शून्य; मग लॉजिक गेट, म्हणजे एक-शून्यावर चालणारी सर्किटं. पोर्शन मागे पडतो, दोनेक तास. पडू द्या. आणि हो, मागावरचे काका समजावून सांगतील तेव्हा मुलांना वही काढायला सांगा.