लंडनमध्ये शनिवार-रविवार, खिसा सांभाळून: वेंब्लीला येणाऱ्या नाशिककरांना उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑगस्टमध्ये नाशिकहून लंडनला येताय. तुम्ही, वहिनी आणि सात वर्षांची मुलगी. नोकरी कॅनरी वॉर्फला, घर वेंब्लीत बघताय. भाड्याचे आकडे ऐकून घाम फुटलाय, आणि जो तो सांगतोय की तिथे घराबाहेर पाऊल टाकलं की पाकीट रिकामं. मग सुट्टीच्या दिवशी घरात बसून राहायचं का? फुकट किंवा स्वस्तात काय असतं, आणि ते कळतं कुठे?

भाड्याबद्दल दिलासा द्यायला माझ्याकडे काही नाही. पण बाहेर पडण्याचं म्हणाल, तर या शहरात फुकट गोष्टींचा तुटवडा अजिबात नाही. पैसे जातात ते तिथे पोचण्यात आणि पोचल्यावर लागणाऱ्या भुकेत. आणि फुकट असूनही ज्याचं तिकीट काढावं लागतं, ते हुकतं ते उशीर केल्यामुळे. म्हणून आधी प्रवासाचं सांगते.

अकरा वर्षांखालच्या मुलांना बसला भाडं नाही, आणि ट्यूबमध्येही (इथली भुयारी रेल्वे) पैसे भरणाऱ्या मोठ्या माणसाबरोबर ती फुकट जातात. मुलीसाठी वेगळं कार्ड घेऊन ठेवायची घाई नको. रुंद गेटमधून तिला सोबत घेऊन आत शिरायचं. तुमचं आणि वहिनींचं मात्र वेगवेगळं कार्ड हवं. एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाही. दुसरी गोष्ट पुष्कळांना उशिरा कळते: बँकेचं कार्ड आणि त्याच कार्डाचं मोबाईलमधलं रूप, ही दोन्ही हिशेबाला वेगळी धरतात. सकाळी फोन टेकवला आणि संध्याकाळी कार्ड, की दिवसाची किंवा आठवड्याची कमाल मर्यादा, जिच्यापुढे भाडं कापत नाहीत, ती दोन्हींवर वेगवेगळी मोजली जाते. आठवडा सोमवारी सुरू होऊन रविवारी संपतो. तुम्ही पाचही दिवस वेंब्ली पार्कहून ज्युबिली लाईनने थेट कॅनरी वॉर्फला जाणार असाल, तर शनिवारपर्यंत मर्यादेचा बराचसा भाग भरलेला असेल, म्हणजे सुट्टीत कितीही फिरलात तरी खर्च त्या मर्यादेपुढे जाणार नाही. फक्त कार्ड तेच वापरा.

वहिनींना ती सोय नाही, म्हणून बस. २०२५ चा दर पावणेदोन पौंड, आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी पुन्हा पैसे नाहीत. रोख चालत नाही. वेंब्लीतून १८ नंबरची बस थेट यूस्टनपर्यंत जाते. वेळ खाते, हार्ल्सडेनला तर अंत बघते, पण वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट मिळाली तर मुलीला तीच सहल. यूस्टनला उतरलात की ब्रिटिश लायब्ररी जवळच, आणि ब्रिटिश म्युझियम रमतगमत गेलात तरी चालत जाण्याच्या अंतरावर. दोन्ही फुकट.

म्युझियमचं थोडं सविस्तर सांगते, कारण तुमचे निम्मे रविवार तिथेच जाणार. राष्ट्रीय संग्रहालयांच्या कायमच्या दालनांना २००१ च्या डिसेंबरपासून तिकीट नाही. ब्रिटिश म्युझियम तर १७५९ मध्ये उघडलं तेव्हापासून, १९७४ मधला थोडा काळ सोडला तर, विनामूल्य आहे. दारात देणगीची पेटी आणि कार्ड टेकवायचं यंत्र असतं, जवळ हसतमुख माणूस उभा असतो. तिथे ओशाळून पैसे टाकायची गरज नाही. जमेल तेव्हा द्या. आतली खास प्रदर्शनं मात्र सशुल्क असतात, आणि सायन्स म्युझियममधलं मुलांचं वंडरलॅबही.

साउथ केन्सिंग्टनला तीन म्युझियम एकमेकांना लागून आहेत: नॅचरल हिस्टरी, सायन्स आणि व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट). सगळे जण मुलांना घेऊन डायनासोरकडे धावतात आणि शाळेच्या सुट्टीत रांग पार रस्त्यापर्यंत येते. माझं ऐकाल तर ऑगस्टमधल्या उन्हाच्या दिवशी आधी व्ही अँड ए गाठा. मधल्या चौकात लंबवर्तुळाकार उथळ हौद आहे, पाणी जेमतेम घोट्याच्या वर. इंग्रज मुलं चड्डी-बनियनवर त्यात डुंबत असतात, आईबाप काठावर सँडविच खात बसलेले असतात आणि कोणी शिट्टी मारत नाही. टॉवेल आणि कपड्यांचा एक जोड न्या. तुमची लेक कोरडी बाहेर येणार नाही. मग आत टिपूचा वाघ दाखवा (सध्या मांडलेला आहे ना, ते आधी बघून घ्या), इंग्रज शिपायाला खाली दाबून बसलेला तो लाकडी वाघ. वाघनखं शोधत बसू नका, ती २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्राला उसनी दिली आहेत. आपण इथे यायचं आणि ती तिकडे जायची, असा योग.

याच म्युझियमची पोरं पूर्व लंडनमध्ये आहेत. बेथनल ग्रीनचं यंग व्ही अँड ए लहान मुलांसाठीच आहे. आणि २०२५ च्या मे अखेरीस स्ट्रॅटफर्डला स्टोअरहाऊस उघडलं, म्हणजे म्युझियमचं चक्क गोदाम. मांडण्यांमधून हिंडायचं, आणि आधी ऑनलाईन मागणी नोंदवली तर तुम्ही निवडलेली वस्तू टेबलावर आणून दाखवतात. आग्र्याच्या किल्ल्यातली संगमरवरी खांबांची ओळ तिथे उभी आहे. प्रवेश फुकट. ज्युबिली लाईनचं दुसरं टोक स्ट्रॅटफर्डच, म्हणजे गाडी बदलायचीही कटकट नाही.

आता तिकीटवाल्या फुकट गोष्टी. शार्ड या गगनचुंबी इमारतीवर चढायला घसघशीत पैसे पडतात, पण तसाच देखावा दुसऱ्या एका उंच इमारतीच्या माथ्यावरच्या स्काय गार्डनमधून विनामूल्य दिसतो. त्याची तिकिटं सोमवारी सुटतात, साधारण तीन आठवडे आधीची, आणि सूर्यास्ताच्या वेळा बघता बघता संपतात. होरायझन २२ ही गॅलरी त्याहून उंच आणि तीही फुकट. तिथेही आधी नोंदणी. तिकीट अजिबात नको असेल तर गार्डन ॲट १२० नावाची गच्ची आहे, फेनचर्च स्ट्रीटवर, सरळ लिफ्टने वर. अशा प्रत्येक जागेची तिकिटं सुटायचा ठरलेला वार असतो. तो एकदा बघून मोबाईलमध्ये गजर लावून ठेवा, रेल्वेच्या तत्काळसाठी लावायचात तसा. आणि बेत बदलला तर तिकीट रद्द करा, दुसऱ्या कोणाला तरी मिळतं.

वेस्टमिन्स्टर ॲबी आणि सेंट पॉल्स ही मोठी चर्च बघायला भारी तिकीट आहे. पण संध्याकाळच्या प्रार्थनेला, इव्हनसाँगला, कोणत्याही धर्माच्या माणसाला मोकळा प्रवेश असतो. फोटो काढायचे नाहीत, फिरायचं नाही. शांत बसून त्या उंच छताखाली गाणाऱ्या मुलांचे आवाज ऐकायचे. संसदेची गॅलरीही खुली असते, सुरक्षा तपासणीची रांग सोसायची तयारी हवी.

या सगळ्यापेक्षा मोठं घबाड म्हणजे वाचनालय, आणि नवे लोक तिकडेच सर्वांत शेवटी फिरकतात. वेंब्ली येते ब्रेंट कौन्सिलमध्ये (म्हणजे इथली नगरपालिका). वेंब्ली पार्कच्या सिव्हिक सेंटरमध्ये मोठं ग्रंथालय आहे, ईलिंग रोडवर दुसरं. सदस्यत्व फुकट. पुस्तकं तर आहेतच, शिवाय फोनवर ई-पुस्तकं आणि मासिकं, गोष्टींचे तास, मुलांचे क्लब. उन्हाळ्याच्या सुट्टीत समर रीडिंग चॅलेंज असतं: मुलांनी पुस्तकं वाचायची, येऊन सांगायचं, स्टिकर आणि शेवटी प्रशस्तिपत्रक. तुम्ही ऑगस्टमध्ये येताय, तेव्हा ते चालूच असेल. शाळा सप्टेंबरमध्ये सुरू होईपर्यंत मुलीला इथले उच्चार कानावर पडायला आणि एखादी मैत्रीण मिळायला याहून सोपी जागा नाही. वहिनी नोकरी शोधणार असतील तर तिथले संगणक आणि सल्ल्याची सत्रंही कामाला येतील. दारातल्या फळ्यावर जे कागद टाचलेले असतात ते नीट वाचा. गल्लीतली जत्रा, पार्कमधला व्यायाम, शाळेच्या जुन्या गणवेशाची विक्री, यातलं बरंचसं इंटरनेटवर सापडतच नाही.

इंटरनेटवर बघायचं तर इयानव्हिजिट्सचं कॅलेंडर मला सर्वांत भरवशाचं वाटतं, त्यात स्वस्त आणि विक्षिप्त दोन्ही प्रकार मिळतात. लंडनिस्ट आणि टाइम आउटही चाळा. दुकानांच्या सवलतींसाठी मनी सेव्हिंग एक्सपर्टचं साप्ताहिक पत्र. इव्हेंटब्राइटवर 'फ्री' अशी गाळणी लावता येते, पण तिथे जपून: प्रॉपर्टीत गुंतवणूक शिकवणारी, क्रिप्टोची, 'तुमच्यातला नेता जागा करा' छापाची फुकट शिबिरं ढिगाने असतात, आणि शेवटी हजार पौंडांचा कोर्स गळ्यात घालायला बघतात. कार्डाचा नंबर मागणारं काहीही फुकट समजू नका. महिनाभर विनामूल्य म्हणून घेतलेलं सदस्यत्व बंद करायची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा.

आणखी एक, आणि हे गंभीर आहे. टॉवर ऑफ लंडन, क्यू गार्डन्स अशा ठिकाणी एक पौंडाची तिकिटं दिसतील, पण ती युनिव्हर्सल क्रेडिटसारखी सरकारी मदत घेणाऱ्यांसाठी असतात. वर्क व्हिसावर आपल्याला ती मदत घेता येत नाही, व्हिसाच्या अटीतच तसं लिहिलेलं असतं. त्या रांगेत शिरू नका. मात्र त्या त्या भागातल्या रहिवाशांसाठी ज्या सवलती असतात त्या तुमच्याही आहेत. पत्त्याचा पुरावा म्हणून कौन्सिल टॅक्सचं बिल जपून ठेवा.

नाटक-संगीत फुकट क्वचित, स्वस्त पुष्कळ. शेक्सपिअरच्या ग्लोब नाट्यगृहात उभं राहून बघायचं तिकीट ५ पौंडांपासून असतं. पाय दुखतात, पाऊस आला तर भिजायला होतं आणि छत्री उघडू देत नाहीत, तरी जाच. रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या प्रॉम्स या शास्त्रीय संगीताच्या मैफलींना उभ्याचं तिकीट साधारण ८ पौंड, जुलै ते सप्टेंबर. ऑगस्टमध्ये किड्स वीक नावाची योजना असते (नाव वीक, चालते महिनाभर): मोठ्याच्या पूर्ण तिकिटावर मुलाचं तिकीट फुकट. विक्री उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच उघडते, म्हणजे नाशिकहूनच बघता येईल. ग्रेशम कॉलेज १५९७ पासून लोकांसाठी व्याख्यानं करतंय, आजही विनामूल्य. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचीही असतात.

खाण्याचं: बाहेर पडताना डबा घ्या, लाजू नका. पाण्याची बाटली न्या. दारूचा परवाना असलेल्या उपाहारगृहाला नळाचं पाणी मागितल्यावर फुकट द्यावंच लागतं, तसा कायदा आहे. सुपरमार्केटात संध्याकाळी पिवळ्या स्टिकरचा, म्हणजे किंमत उतरवलेला माल निघतो. वेळ प्रत्येक दुकानाची वेगळी, तिथल्या कामगाराला विचारलं तर सांगतात. टेस्को आणि सेन्सबरीजची कार्डं पहिल्याच दिवशी घ्या, नाहीतर शेल्फवरची कमी किंमत तुम्हाला लागत नाही. 'टू गुड टू गो' या ॲपवर दिवसअखेरची उरलेली पिशवी स्वस्तात मिळते, पण आत काय असेल ते आधी कळत नाही. शाकाहारी असाल तर बेकरी किंवा भाजीवाला निवडा, आणि मुलीच्या गोळ्या-जेलीत जिलेटिन आहे का ते वाचायची सवय लावा. ओलिओ या ॲपवर शेजारी-पाजारी चांगल्या वस्तू आणि खाणं फुकट देतात. फर्निचर, सायकल, थंडीचे कोट यांसाठी फ्रीसायकलची वेबसाइट आणि जुन्या वस्तू विकणारी चॅरिटी शॉप. नाशिकहून जाड कोट विकत घेऊन बॅगेचं वजन वाढवू नका. तिकडचे कोट इथल्या वाऱ्यापुढे टिकत नाहीत.

आपल्या माणसांचं म्हणाल तर महाराष्ट्र मंडळ, लंडन हे १९३२ पासून आहे आणि डॉलिस हिलला त्याची स्वतःची वास्तू आहे, म्हणजे तुमच्या ब्रेंटमध्येच. गणपतीत तिथे जा; काय, कुठे, कितीला मिळतं हे त्या एका संध्याकाळी जेवढं कळेल तेवढं मला लिहून सांगता येणार नाही. प्रिमरोज हिलजवळ किंग हेन्रीज रोडवर १० नंबरचं घर, जिथे डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये विद्यार्थी म्हणून राहिले, ते महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतलं आणि आता स्मारक आहे. उघडं असण्याच्या वेळा बघून जा, मग टेकडीवर चढा, तिथून सगळं शहर दिसतं. दिवाळीच्या सुमारास ट्रफाल्गर स्क्वेअरला दिवसभर कार्यक्रम असतो, प्रवेश मोकळा. गर्दीत मुलीचा हात सोडू नका.

तुमची वेळ चांगली आहे. सप्टेंबरमध्ये ओपन हाऊस असतं, १९९२ पासून चालत आलेलं: एरवी बंद असणाऱ्या शेकडो इमारती, कचेऱ्या, लोकांची घरंसुद्धा त्या दिवसांत फुकट उघडतात. लोकप्रिय जागांना नोंदणी किंवा सोडत लागते आणि कार्यक्रम साधारण ऑगस्टमध्येच जाहीर होतो. सामानाच्या पेट्या सोडायच्या आधी तेवढं बघून घ्या. घर नक्की कुठल्या रस्त्यावर मिळालं ते कळवलंत, तर जवळचं वाचनालय, बस आणि बाजार कुठला ते सांगते.