बोअरच्या पाण्याचा टीडीएस ८५० आहे, डाळ शिजत नाही. आरओ घ्यावा की तुरटी फिरवून, उकळून भागेल?

तुरटीने भागणार नाही. तुरटी गाळ खाली बसवते, विरघळलेला क्षार, म्हणजेच टीडीएस, तसाच राहतो. उकळून थोडंफार भागेल, ते पुढे सांगते. पण मी लिहायला बसले ते तुमच्या ‘डाळ शिजत नाही’ या शब्दांमुळे.

माझ्या आईचं माहेर संगमेश्वरकडचं. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी इतकं हलकं, की अंगाचा साबण धुता धुता जात नाही. १९७४ साली लग्न होऊन ती बार्शी तालुक्यात आली आणि पहिल्याच आठवड्यात तिचं वरण कच्चं राहिलं. तास-दीड तास चुलीवर ठेवूनही तळाला डाळ अख्खी. आजी म्हणाली, “कोकणातल्या पोरींना भातापलीकडं काय येतंय!” आत्याने ते वाक्य उचललं आणि पुढची पंचवीस वर्षं चार बायका जमल्या की ऐकवलं.

आजीच्या हाताला चव होती, नाही म्हणत नाही. पण तिनं उभा जन्म स्वयंपाक केला तो ओढ्याकाठच्या विहिरीच्या पाण्यावर. ७२च्या दुष्काळात ती विहीर आटली, गावात बोअर पाडून हातपंप बसला आणि त्या खोल, जड पाण्यावर वरण शिजवायची पाळी आली आईवर. पावसाळ्यात ती पन्हळीखाली घागर लावून ते पाणी डाळीपुरतं राखून ठेवायची. ते चार महिने वरण लोण्यासारखं व्हायचं. तेव्हा कुणी काही बोललं नाही.

पुढे मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले. १९९९ मध्ये घरच्या हातपंपाचा नमुना स्वतः तपासला. फ्लास्कमधलं लालसर जांभळं पाणी निळं झालं की मोजणी संपते, पण ते निळं व्हायचं नावच घेईना, ब्युरेटमधलं म्हणजे मोजनळीतलं द्रावण खाली खाली येत गेलं. कठीणपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा पाण्याचा जडपणा, लिटरला ६४० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या भारतीय मानकात २०० चांगला, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचा. त्याच वर्षी गौरीला आत्या माहेरी आली होती. पुरणासाठी एकाच डब्यातली हरभऱ्याची डाळ दोन पातेल्यांत लावली, एकात हातपंपाचं पाणी, दुसऱ्यात पावसाचं. पाऊण तासाने पावसाच्या पाण्यातली डाळ चिमटीत विरघळली. दुसरी टणकन निसटून ओट्यावर उडाली. आत्या म्हणाली, “डाळ वेगळी असंल.” डबा तिनेच उघडून दिला होता.

डाळीच्या दाण्याला बांधून ठेवणारं पेक्टिन असतं. पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम त्याला घट्ट धरतं आणि दाणा सुटत नाही. यात हाताचा काय दोष?

आता तुमचं. टीडीएस ८५० वरून कठीणपणा कळत नाही. त्यात मीठ किती आणि चुना किती, हे मीटर सांगत नाही, त्यासाठी पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. शिवाय ८५० म्हणजे विष नव्हे, दुसरा स्रोत नसेल तर मानकात २००० पर्यंत मुभा आहे. जड पाण्याने मुतखडा होतो, हेही ठामपणे सिद्ध झालेलं नाही. बंबात खपल्या धरतात, साबण जास्त लागतो, डाळ शिजत नाही, हा त्रास मात्र खरा. डाळीपुरतं पाणी दहा मिनिटं खळखळ उकळा, निवू द्या, पांढरा साका तळाला बसला की वरचं अलगद ओतून घ्या. बायकार्बोनेटचा कठीणपणा असेल तर एवढ्याने फरक पडतो. सल्फेट-क्लोराइडचा असेल तर उकळून काही होत नाही. चिमूटभर खायचा सोडा चालतो, पण त्याने बी-१ जीवनसत्त्व जातं.

आरओ विकणारे दोन कांड्या पाण्यात घालून वीज सोडतात आणि पाणी तपकिरी करून दाखवतात, त्याला भुलू नका. तो गंज त्या लोखंडी कांडीचाच असतो. आरओच्या पाण्यात क्षार फारसे नसल्याने वीज जवळजवळ वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. आमच्याकडेही एकाने हा खेळ केला, तेव्हा सगळं घर घाबरलं. त्याच घरात टाकीत टीसीएल पावडर, म्हणजे जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर, टाकायची आठवण मात्र मी एकटीच करायची. जुलाब, कावीळ होते ती जंतूंनी, चुन्याने नव्हे, आणि जंतू टीडीएसच्या मीटरवर दिसत नाहीत.

एक राहिलं. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर किंवा फ्लोराइड दीड मिलिग्रॅमच्या वर निघालं, तर आरओ घ्याच, मग मी आडवी येणार नाही. उकळून ते दोन्ही जात नाहीत, उलट पाणी आटून वाढतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडे असाल तर फ्लोराइड आधी तपासा. सॉफ्टनर, म्हणजे पाणी हलकं करणारं यंत्र, लावलात तर तो कॅल्शियम काढून सोडियम सोडतो, घरात रक्तदाबाचं कुणी असेल तर ते पाणी धुण्या-आंघोळीलाच ठेवा.

आणि तुमच्याकडे डाळ कोण शिजवतं ते तुम्ही लिहिलं नाही. जी शिजवत असेल तिला तपासणीचा कागद आला की आधी दाखवा. माझ्या आईला तो पंचवीस वर्षांनी मिळाला.